भांडुपच्या पत्त्यावरची खरेदी

बाबांच्या तेराव्याला, जेवणं उरकून माणसं पांगली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, खरं सांगू? तुला बाबांचं घर फक्त पार्सलं ठेवायला लागायचं."

मी भांडी विसळत होते. बोलायला मी कधी कमी पडत नाही, ऑफिसात माझ्या तोंडाला लोक वचकून असतात. पण त्या दिवशी मी नळ मोठा सोडला आणि विसळत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने तो बेंगळुरूला गेला आणि मी बोरिवलीला माझ्या घरी आले. पुढचे चार दिवस पोळ्या लाटताना, अंधेरीला ऑफिसात जाताना, मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. तिकडे बसून कामवाल्या बाईचा पगार पाठवायचा, रविवारी व्हिडिओ कॉलवर बापाचं तोंड बघायचं आणि वर जवळ राहणाऱ्या बहिणीला ऐकवायचं. ब्लडप्रेशरचं मशीन कोणी पाठवलं? गुडघ्याचा पट्टा कोणी पाठवला? शेवटी ठरवलं की तोंडाने भांडण्यात अर्थ नाही. आकडाच दाखवायचा.

मी एकाच ॲपवरून बारा वर्षं खरेदी करते आहे. त्यात जुन्या ऑर्डरी वर्षावार दिसतात, पण एकूण किती पैसे गेले ते कुठेच लिहिलेलं नसतं. का लिहितील? ऑफिसातल्या एका पोरीने सांगितलं की आपली सगळी माहिती मागवता येते, विनंती टाकायची, मग फाइल येते. पाचव्या दिवशी ती मेलवर आली. रविवारी दुपारी नवरा आणि मुलगा झोपलेले असताना मी ती उघडली. तारीख, वस्तू, किंमत, पत्ता असे रकाने. एक्सेलशी माझा रोजचा संबंध आहे, बेरीज करायला अर्धं मिनिट लागलं असेल.

चार लाख सत्त्याऐंशी हजार आणि वर काही रुपये.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आम्ही काही उधळे लोक नाही. मी मार्केटात कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी बाई आहे. पण पाचशे, सातशे, साडेतीनशे असं करत बारा वर्षांत एवढं झालं होतं. पहिली ऑर्डर मुलाच्या शाळेच्या दप्तराची. मग पडदे, पडद्यांचे हूक, भाजीच्या लांब शेवया काढणारं एक यंत्र जे मी दोनदा वापरलं, योगासनांची चटई जिच्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवतो. एका वर्षी सलग सहा कुर्ते आहेत, सहाही काळपट. ते आई गेली ते वर्ष. मी त्या काळात काय खरेदी करत होते याची मला काहीच आठवण नाही, पण फाइलला होती.

तो मोठा आकडा भावाला दाखवायचा नव्हता. मला हवा होता पत्त्याचा रकाना. त्यात दोनच पत्ते होते, एक बोरिवलीचा आणि एक भांडुपचा.

भांडुपच्या पत्त्याची गोष्ट सांगायला हवी. सुरुवातीची काही वर्षं आमच्या बोरिवलीच्या घरी दिवसा कोणी नसायचं आणि तेव्हाचा वॉचमन पार्सल ठेवून घ्यायचा नाही. आई-बाबा भांडुपला, दोघंही घरात. म्हणून मी माझी सगळी खरेदी त्यांच्याकडे मागवायचे आणि शनिवारी जाऊन घेऊन यायचे. इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत मला धाप लागायची आणि बाबा दारातच म्हणायचे, "या बाईसाहेब, तुमचं टपाल आलंय."

बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. बरीच वर्षं त्यांनी पार्सलच्या खिडकीवर काढली होती. आलेल्या प्रत्येक खोक्यावर ते पेन्सिलने 'प्राप्त' असं लिहून तारीख टाकायचे, खाली आपली बारीक सही करायचे आणि पत्त्याची बाजू वर येईल असं रचून ठेवायचे. आठवड्याच्या वर पार्सल राहिलं तर मला दंड असायचा. दंड म्हणजे त्या दिवशीचा चहा मी करायचा. एकदा मी तीन आठवडे गेले नाही तर म्हणाले, "आता परत पाठवून देतो, शेरा मारतो, मालक सापडत नाही." आई त्यांच्यावर हसायची. तिला असला काही धीर नव्हता. पार्सल आलं की ती दारातच नखाने चिकटपट्टी फाडून आत काय आहे ते बघायची आणि मला फोन करून सांगायची की रंग काही तुला शोभणार नाही, परत कर.

बाबांनी मात्र दुसऱ्याचं टपाल कधी उघडलं नाही. आईला तिच्या बहिणीची पत्रं यायची, तीही बंदच तिच्या हातात द्यायचे. भावाने लहानपणी माझ्या नावाचं एक पाकीट फोडलं होतं, त्यात नुसतं कसल्यातरी स्पर्धेचं पत्रक होतं, तर त्याला संध्याकाळभर कोपऱ्यात उभं केलं होतं. ज्याचं नाव त्याचा हात, असं म्हणायचे.

चार वर्षांपूर्वी आई गेली. त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, घरात दिवसभर माणूस झालं आणि माझी खरेदी बोरिवलीला यायला लागली. मग शनिवारचं जाणं सुटलं. ठरवून सुटलं नाही. मुलाची बारावी आली, ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं दिली, सासूबाईंचं आजारपण सुरू झालं. बोरिवलीहून भांडुप नकाशावर लांब नाही, पण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर एकदा अडकलं की दीड तास कुठे गेला कळत नाही. मी महिन्यातून एकदा जायला लागले, मग दोन महिन्यांतून. आणि जायला जमत नाही म्हणून वस्तू पाठवायला लागले. बाबा फोनवर खोकले की कफावरचं काही तरी, वाचताना डोळे दुखतात म्हणाले की मोठं भिंग. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटांत ऑर्डर व्हायची. 'पोहोचले' असा निरोप फोनवर आला की माझं मन शांत व्हायचं. आपण बाबांचं काहीतरी केलं असं वाटायचं.

तर त्या रविवारी मी भांडुपच्या सगळ्या ओळी काढल्या. त्यातल्या माझ्या वस्तू वगळल्या आणि बाबांच्या वस्तूंना पिवळा रंग दिला. शेहेचाळीस वस्तू. एकसष्ट हजार तीनशे रुपये. मी फक्त पिवळ्या ओळी वेगळ्या कागदावर घेतल्या, बेरीज ठळक केली आणि भावाला पाठवली. खाली लिहिलं, "हे बघ आणि मग बोल." वरचा चार लाखांचा आकडा मी पाठवला नाही. पडद्यांवर आणि कुर्त्यांवर मी बापापेक्षा जास्त खर्च केलाय हे त्याने कशाला बघायचं?

त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. "पाहिलं." एवढंच. मला वाटलं, जिंकले.

पुढच्या महिन्यात भांडुपचं घर रिकामं करायची वेळ आली. इमारत पुनर्विकासाला गेली होती आणि बिल्डरने तारीख दिली होती. भावाला रजा नव्हती. मी एकटीच गेले, सोबत कामवाली बाई होती. ती स्वयंपाकघरातली भांडी पोत्यात भरत होती आणि मी बाबांच्या खोलीत कपाट आवरत होते. कपाट झालं तशी पलंगाकडे वळले. बाबांचा पलंग पेटीचा होता, फळी उचलली की खाली गाद्या आणि उन्हाळ्यातली चादर असायची. गाद्या एका बाजूला सरकवलेल्या होत्या. दुसऱ्या बाजूला खोकी होती.

चौदा खोकी. पत्त्याची बाजू वर. प्रत्येकावर पेन्सिलने 'प्राप्त', तारीख आणि ती बारीक सही. एकाचीही चिकटपट्टी काढलेली नव्हती. सगळ्यांवर छापलेलं नाव माझं होतं, कारण खातं माझं होतं. घराचा पत्ता बाबांचा आणि नाव माझं.

मी खाली फरशीवर बसले. कामवाली बाई दारात येऊन म्हणाली, "ताई, ते तुमचं सामान आहे ना? बाबा मला हात लावू देत नव्हते. पलंगाखाली झाडायचं तर आधी फळी स्वतः उचलायचे." मी तिला म्हटलं, तू बाहेरचं बघ.

पहिलं खोकं मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतरचं होतं. त्याआधी पाठवलेलं सगळं मी स्वतः जाऊन उघडून दिलेलं, म्हणून ते वापरलं गेलं होतं. स्वेटर बाबांच्या अंगावर मी पाहिला होता, ब्लडप्रेशरचं मशीन टेबलावर होतं. दिवाळीनंतर मात्र मी त्या घराच्या पायऱ्या चढलेच नव्हते. मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला आले तेव्हा खालून फोन केला, ते उतरले, तपासणी झाली आणि गेटवर सोडून मी तशीच रिक्षा फिरवून ऑफिसला गेले. मेमध्ये मुलुंडला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. गाडीत नवरा, सासूबाई, मुलगा आणि मी. बाबा इस्त्रीचा सदरा घालून खाली उभे होते, हातात मोठी कापडी पिशवी. मी काच खाली करून म्हटलं, "बाबा, पिशवी नको आज. जागा नाहीये, सासूबाईंना पाय लांब करायला लागतात." मला वाटलं, आंबे असतील नाहीतर लोणचं. त्यांनी पिशवी वॉचमनच्या खुर्चीखाली ठेवली. रात्री परत सोडलं तेव्हा गाडी वळवताना मला दिसलं, ते पिशवी उचलून जिन्याकडे निघाले होते. ती त्यांना जड जात होती, हेही दिसलं होतं.

एकेक खोकं मी उघडत गेले. बोटांना चिकटपट्टी निघेना म्हणून शेवटी सुरी आणली. गोळ्या ठेवायची सात कप्प्यांची डबी. ते मोठं भिंग. अंधारात माणूस आलं की आपोआप पेटणारा छोटा दिवा, बेडरूम आणि बाथरूमच्या मधल्या भिंतीवर लावायला. तळाला खाचा असलेल्या सपाता. भिंतीला बसवायची स्टीलची मूठ. आणि शेवटच्या खोक्यात बाथरूममध्ये घालायची निळी रबरी मॅट, पाय घसरू नये म्हणून.

बाबा बाथरूममध्ये पडले होते. सकाळी साडेसहाला, ओल्या फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग छातीत पाणी झालं आणि एकोणिसाव्या दिवशी ते गेले.

फोनवर मी विचारत नव्हते असं नाही. "पार्सल मिळालं ना?" "मिळालं, ठेवलंय." "बरं, ठेवते मग, रिक्षा आली." याच्या पलीकडे बोलणं गेलं नाही. बाबा, हे तुमच्यासाठी आहे, फोडा आणि वापरा, एवढं एक वाक्य मी चौदांपैकी एकाही वेळी बोलले नाही. मला ते सांगायची गोष्टच वाटली नाही. माझ्या डोक्यात ती त्यांचीच होती, ऑर्डर करताना मी त्यांचाच विचार करत होते. हे त्यांना कुठून कळणार? आई असती तर दारात फाडून, नाक मुरडून, मॅट त्याच दिवशी बाथरूममध्ये घातली असती.

तिथे बसल्या बसल्या मला हॉस्पिटल आठवलं, आणि जे आठवलं ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर होते, बोलत होते. मी ऑफिसातून थेट गेले होते, थकले होते, घाबरलेही होते, आणि घाबरले की मी चिडते. मी खुर्ची ओढून म्हटलं, "बाबा, मी मॅट पाठवली होती ना? घातली का नाहीत?"

ते म्हणाले, "कुठली मॅट?"

"निळी. बाथरूमची. जुलैत पाठवली. तुम्हीच म्हणालात ना पार्सल मिळालं म्हणून? स्टीलची मूठ पाठवली, ती तरी बसवून घेतलीत का? सगळं आणून द्यायचं आणि तुम्ही हात लावायचा नाही. आता बघा काय झालं."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नजर वर छताकडे नेली. मला वाटलं, गुंगी आहे. मग म्हणाले, "ती होय. राहिलं खरं. चुकलं माझं."

"चुकलं म्हणून काय उपयोग आता," मी म्हणाले. नर्स सलाइन बदलायला आली होती, तिलाही मी ऐकवलं की आम्ही सगळं करतो हो सिस्टर, पण म्हातारी माणसं ऐकत नाहीत. बाबा तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "मुलगी फार करते माझं."

त्यांना त्या क्षणी कळलं होतं. पलंगाखालची सगळी खोकी कोणासाठी होती ते त्या छताकडे बघताना त्यांच्या लक्षात आलं होतं. ते मला सांगू शकले असते की अगं, त्याच्यावर नाव तुझं होतं. तेवढं ऐकल्यावर माझं काय होईल हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी चूक स्वतःवर घेतली. आणि मी ती त्यांना घेऊ दिली. त्यानंतर ते सतरा दिवस जगले आणि ते सगळे दिवस मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की मॅट पाठवली होती, पण हट्टी आहेत.

मी मॅट मांडीवर घेऊन रडले. मोठ्याने रडले, बाईला बाहेर ऐकू गेलं असणार. ती आत आली नाही हे तिचे उपकार.

मग भावाला फोन लावला. कामाचा दिवस होता, तो मीटिंगमधून बाहेर आला. मी म्हटलं, "मी तुला जो कागद पाठवला ना, एकसष्ट हजारांचा, तो खोटा आहे. त्यातल्या चौदा वस्तू बाबांना मिळाल्याच नाहीत."

"म्हणजे? कंपनीने पाठवल्या नाहीत?"

"पाठवल्या. पलंगाखाली आहेत. बंद. त्यांना वाटलं माझ्या आहेत."

पाठीमागून त्याच्या ऑफिसातले आवाज येत होते. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, त्या तुझ्या नव्हत्या?"

"नाही रे. सगळ्या त्यांच्यासाठी होत्या."

"यार," तो म्हणाला. "मला माहीत होतं तिथे पार्सलं आहेत ते. बाबा दर रविवारी सांगायचे. आज ताईचं अजून एक आलं म्हणायचे. म्हणून तर मी तेराव्याला तुला तसं बोललो. मला राग यायचा ना, म्हटलं ही बया इकडे फिरकत नाही आणि सामान टाकून ठेवते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सांगू दिलं नाही. म्हणायचे, सासूबाई आल्यात तिच्या घरी, तिला तिकडे खरेदी दाखवायची नसेल. मुद्दाम माझ्या पत्त्यावर मागवत असेल. तू कुठे बोलू नकोस. मी दोन-तीनदा म्हटलं त्यांना, अहो बाबा, फोन करून सांगा ना तिला, घेऊन जा म्हणावं. किती दिवस सांभाळणार?"

"मग?"

"म्हणाले, असू दे रे. सामान इथे आहे म्हणजे ती येणार."

माझ्या हातात मॅटचं रिकामं खोकं होतं. त्यावरची तारीख जुलैच्या मध्याची होती. बाबा पडले ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. मी बोटांवर मोजलं, अकरा आठवडे. गणपतीत जाणार होते, तेव्हा सासूबाईंना ताप आला. त्या अकरा आठवड्यांत मी एकदाही गेले नव्हते.